मशीन सुधरली का, ताई?

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका वस्तूला चार नावं होती. स्टीलची छोटी चौकट, तळहातावर मावेल एवढी, आणि तिला लावलेले चकचकीत गोळे. मेंदूचे सर्जन डॉ. मिश्रा तिला 'स्टार' म्हणत. गुडघ्याचे डॉक्टर 'ट्रॅकर' म्हणत. कंपनीचा माणूस 'रेफरन्स' म्हणे. आणि थिएटरमध्ये झाडपूस करणारी फुलेश्वरी तिला 'झूमर' म्हणायची. नवीन आलेल्या एका सिस्टरला कुणीतरी "रेफरन्स दो" म्हटलं, तर ती बिचारी धावत जाऊन पेशंटला पाठवणाऱ्या गावच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली होती.

मी रायपूरच्या एका खासगी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागले आणि निवृत्त झाले ती ही चौकट ज्या मशीनची, त्या मशीनवर. मशीनचं काम सांगायला सोपं आहे. गाडीत रस्ता दाखवणारा नकाशा असतो ना, तसा हा डोक्याच्या आतला नकाशा. आधी पेशंटच्या डोक्यावर छोटे स्टिकर लावून स्कॅन काढायचा. मग थिएटरमध्ये डोकं पक्कं बसवून त्याच्याशेजारी ती चौकट लावली की त्या प्रत्येक स्टिकरला एका सळईनं स्पर्श करायचा. वर लावलेला कॅमेरा ते गोळे आणि सळई बघतो, आणि खरं डोकं स्कॅनमधल्या डोक्याशी जुळवून घेतो. या जुळवणीला आमच्यात 'रजिस्ट्रेशन' म्हणतात. एकदा ती झाली की सर्जन जिथं सळई टेकवेल, तोच बिंदू पडद्यावर दिसतो. गाठ किती खोल, कुठल्या बाजूनं जायचं, सगळं डोळ्यांसमोर.

पण जुळवणी कधीच शंभर टक्के होत नाही. कातडी सरकते. स्टिकर घामानं हलतो. कवटी उघडली की मेंदू स्वतःच जरासा खाली बसतो. एक-दीड, फार तर दोन मिलिमीटरचा फरक राहतोच. त्या फरकाला धंद्यातला शब्द आहे 'एरर'. एरर म्हणजे बिघाड नव्हे. चांगल्यातल्या चांगल्या मशीनलाही तो असतो. शून्य एरर सांगणारा माणूस मशीन विकायला आलेला असतो, एवढं मी अनुभवावरून सांगू शकते.

या शब्दांनी आम्हाला आधीच एकदा चटका दिला होता. एका ऑपरेशनच्या वेळी जुळवणी जमत नव्हती, वेळ लागत होता. वॉर्डबॉय बाहेर गेला आणि नातेवाइकांना म्हणाला, "रजिस्ट्रेशन नहीं हो रहा है." पेशंटचा म्हातारा बाप फाइल घेऊन तळमजल्यावरच्या रजिस्ट्रेशनच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. काउंटरवरची मुलगी म्हणे, झालंय तुमचं. तो म्हणे, ऊपर बोले हैं नहीं हुआ. पोराचं ऑपरेशन संपेपर्यंत तो रांगेतून हलला नाही. आपण रांग सोडली तर ऑपरेशन थांबेल असं त्याला वाटत होतं. हे कळल्यावर आम्ही खूप हसलो. मीही हसले. चहा पिताना दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही सांगितलं.

पुढे मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. बाहेरगावचे एक सर्जन आमच्याकडे ऑपरेशनला आले होते. त्यांनी विचारलं, "अ‍ॅक्युरसी?" आमच्या टेक्निशियन मुलानं पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. आमच्या जुन्या मशीनवर तो आकडा फक्त कातडीवरच्या स्टिकरांपुरता होता. ते ज्या मशीनवर शिकले होते, तिच्यावर खोलातला अंदाज यायचा. ते निर्धास्त पुढे निघाले. डॉ. मिश्रा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "सर, एक बार नाक पर टच कर लीजिए." सळई नाकाच्या हाडावर टेकवली, तर पडद्यावर तिचं टोक हवेत तरंगत होतं. सगळं पुन्हा जुळवलं. पेशंट सुखरूप घरी गेला. पण हात धुताना डॉ. मिश्रा मला म्हणाले, "कुंदाजी, इस थिएटर की एक भाषा बनाइए. आप ही बना सकती हैं."

मला खरंच तसं वाटलं, की मीच बनवू शकते. आमचं घर मूळचं वर्ध्याकडचं. वडील रेल्वेत, त्यामुळे बदली होऊन इकडे आलो. घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढ़ी. एका वस्तूला तीन नावं घेऊनच मी मोठी झाले. मग मी शब्दांची यादी करायला घेतली. कुठल्या कंपनीचं काहीही नाव असो, आमच्याकडे एका वस्तूला एकच नाव. डावं-उजवं म्हणजे पडद्याचं नाही, पेशंटचं. 'स्टार', 'झूमर' बंद. गुडघ्याचे डॉक्टर 'ट्रॅकर' सोडायला तयार नव्हते, म्हणून तोच शब्द ठेवला आणि मिश्रा सर दोन आठवडे रुसले. 'अ‍ॅक्युरसी' या शब्दावर मी बंदीच घातली, कारण तो ऐकला की माणूस गाफील होतो. म्हणायचं 'एरर', आणि पुढे म्हणायचं कुठला: कातडीवरचा की खोलातला.

बैठकीत सरांनी विचारलं, "बाहर रिश्तेदारों को भी यही बोलेंगे?"

मी म्हटलं, "हाँ सर. एक चीज़, एक नाम. अंदर कुछ और, बाहर कुछ और, यह नहीं चलेगा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थिएटरमधली कुरबुर खरंच कमी झाली. नव्या सिस्टर आठवड्याभरात तयार होऊ लागल्या. नागपुरातल्या एका परिषदेत सरांनी भाषणात माझं नाव घेतलं. मी घरी येऊन ते दोनदा सांगितलं, हे माझे यजमान अजून चिडवतात.

त्यानंतर धनराज आणि सुशीला आले.

सुशीला चाळिशीच्या आतली, रायपुरातल्याच गुढ़ियारीत राहणारी. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची, शेजारपाजारच्या ब्लाउजांना हुक-काजं करून द्यायची. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, सुई निसटायला लागली, म्हणून तपासायला आली. डाव्या बाजूला मेंदूवर दाब देणारी गाठ निघाली. साधी गाठ होती, कॅन्सरची नव्हती. वेळेत काढली तर हात सुधारायची चांगली आशा. मिश्रा सरांनी त्यांना सगळं हिंदीत समजावलं आणि मग माझ्याकडे पाठवलं. "आपके लोग हैं," ते म्हणाले, "ठीक से समझा दीजिए."

खुर्चीवर बसता बसता मी मराठीत बोलले तर दोघांचे चेहरे सैल झाले. सुशीला म्हणाली, "बरं झालं ताई. इथं सगळे हिंदीत बोलून राह्यले. समजते, पन मनात उतरत नाही."

"कुठले तुम्ही?"

"मी काटोलची. हे वरुडचे. लग्न झाल्यापासून इकडंच."

मग मी समजावलं. नकाशा, स्टिकर, सळई, गोळे, सगळं. मी चांगलं समजावते, असं सगळे म्हणत. धनराज लक्ष देऊन ऐकत होता. तो भनपुरीला एका धर्मकाट्यावर होता, मालाचे ट्रक काट्यावर चढवून वजन करायचं काम. शेवटी त्यानं विचारलं, "मले एक सांगा ताई. थे मशीन चुकत नाही न?"

मी माझ्या नियमाप्रमाणे बोलले. म्हटलं, "खरं सांगू का भाऊ, मशीनमध्ये एरर असतोच. दोन मिलिमीटरपर्यंत. कातडीवर कमी, खोलात जरा जास्त. पण डॉक्टरांना तो माहीत असतो, ते त्या हिशेबानं चालतात."

"एरर हाये म्हनता?"

"हो. पण तो असतोच."

त्यानं खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "आमच्या काट्यावर एरर आला न ताई, तर आमी गाडी चढूच देत नाही. मिस्त्री येऊन जाईपर्यंत काटा बंद."

मी म्हटलं, "हे वेगळं आहे भाऊ." आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं, आधीपेक्षा जास्त शब्दांत. त्यानं "हाव, हाव" केलं. सुशीला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. जाताना तो म्हणाला, "घरी इचारून येतो."

भरती व्हायच्या दिवशी ते आले नाहीत. लोक घाबरतात, आठवड्यानं येतात, हे आम्हाला नवं नव्हतं. मी फोन लावला नाही. मला वाटलं, येतील.

कळलं ते फुलेश्वरीकडून. ती त्यांच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. थिएटरमध्ये फरशी पुसता पुसता ती मला म्हणाली, "दीदी, वो मराठी बाई नइ आवय. ओकर आदमी सब झन ला बतावत हे कि अस्पताल के मशीन खराब हे."

"कोन कहिस ओला?" मी विचारलं.

"तैं कहेस, कहिथे. कहत रहिस, एक झन मराठी दीदी हे, वोही सच बताइस. बाकी सब लुकावत हें." म्हणजे खरं काय ते मीच सांगितलं, बाकीचे लपवत होते.

मी त्या दिवशी दोन ऑपरेशनं उभी राहून काढली आणि कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत माझं काही चुकलं की मला राग यायचा, मशीनचा, कंपनीचा, स्वतःचा. त्या दिवशी राग आला नाही. अंगावरचा हिरवा गाऊन सगळ्यांसमोर गळून पडावा तसं वाटत राहिलं. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून ते गेले नव्हते. माझ्यावर विश्वास ठेवून गेले होते.

मी धनराजला फोन केला. म्हटलं, "भाऊ, मशीन खराब नाही. मी बोलले त्याचा अर्थ तसा नव्हता."

तो अगदी नम्रपणे ऐकत होता. "हो ताई."

"एरर म्हणजे बिघाड नाही. तो एक मोजायचा शब्द आहे आमचा."

"हो ताई. समजलो."

"मग घेऊन या ना तिला."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुमी नोकरीवाल्या मानसं. तुमच्यावर दबाव असन, मी समजतो. तुमी एकदा खरं सांगून देल्लं, लई झालं. तुमाले आमच्यापायी तरास नको." आणि फोन ठेवला.

मिश्रा सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "एक-दो महीने में आ जाएँगे. दर्द होगा तो आएँगे." सरांचा स्वभाव वाईट नाही, पण त्यांच्याकडे रोज नवे पेशंट असतात. मी गुढ़ियारीला जायचं ठरवलं. एका रविवारी गेलेही. फुलेश्वरीनं घर दाखवलं. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, काटोलला गेलेत, तिकडं कुणीतरी झाडपाल्याचं औषध देतो म्हणे. मी पायरीवर थोडी बसले. दाराशी शिलाई मशीनचा खोका होता, त्यावर प्लास्टिक घालून ठेवलेलं. मग रिक्षा करून घरी आले.

ते परत आले तेव्हा उन्हाळा उतरला होता. सुशीलाला फिट आली म्हणून रात्रीच तिला आमच्याकडे आणली होती. सकाळी मी वॉर्डात गेले तर उजवा हात पोटावर ठेवून पडली होती. तो तिनं ठेवला नव्हता, कुणीतरी उचलून ठेवला होता. मला बघून ती हसली. "ताई, मी तुमचं नाव घेतलं तर मले सिस्टर म्हने, आहेत आहेत."

धनराज बाहेर व्हरांड्यात उभा होता. दाढी वाढलेली. ऑपरेशनच्या कागदावर सही करायची होती आणि तो सही करत नव्हता. मिश्रा सर दोनदा येऊन गेले होते. मी गेले, तसा तो जवळ आला. त्यानं दुसरं काही विचारलं नाही.

"मशीन सुधरली का, ताई?"

मी पुन्हा समजावू शकले असते. मिलिमीटर, कातडी, खोली. माझ्याकडे ते सगळे शब्द होते, एकेक नीट घासून पुसून ठेवलेले. मी म्हटलं, "सुधरली."

"पक्की?"

"पक्की. मागच्या महिन्यात नवा भाग बसवला."

"आता एरर नाही न?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि सही केली. मिश्रा सर मागे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. थिएटरकडे जाताना त्यांनी लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवलं. एरवी ते कधी धरत नसत.

थिएटरमध्ये मी स्टिकरांवर सळई टेकवली, जुळवणी झाली. टेक्निशियन मुलानं, मीच शिकवलेल्या पद्धतीनं, मोठ्यानं सांगितलं, "एरर, कातडीवर, दीड." त्याचा आवाज स्पष्ट होता, उच्चार शुद्ध होता. सुशीलाला तेव्हा भूल दिलेली होती. तिला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी तिच्या कानाकडे पाहिलं.

गाठ पूर्ण निघाली. फिट थांबल्या. हात हळूहळू हलायला लागला, खांदा, मग कोपर, मग मूठ. बोटांचं बारीक काम मात्र परत आलं नाही. सुई ती धरू शकत नाही. मी मिश्रा सरांना एकदा विचारलं, आधी आली असती तर? ते म्हणाले, "शायद. बहुत करके." पुढे त्यांनी मला बजावलं, "लेकिन आप यह हिसाब मत लगाइए."

पुढच्या बैठकीत मी यादीत बदल सुचवला. थिएटरच्या आत 'एरर' राहील. बाहेर, माणसांशी बोलताना, 'फरक' म्हणायचं: स्कॅनमध्ये आणि प्रत्यक्षात एवढासा फरक राहतो, डॉक्टर तो धरून चालतात. त्या एका शब्दावर कुणीच वाद घातला नाही. कंपनीच्या माणसानंही नाही. माझी सगळ्यात सोपी मंजुरी ती, आणि तिचं मला काही वाटलं नाही. एक चीज़, एक नाम, असं मी ज्या खुर्चीत बसून म्हटलं होतं, त्याच खुर्चीत बसून मी ते मोडलं. बैठकीचं टिपण लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, "मैम, कारण क्या लिखूँ?" मी म्हटलं, "सुविधा के लिए लिख दो."

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा सुशीला तपासणीला आली. ती आत डॉक्टरांकडे होती. बाहेरच्या बाकावर धनराज दुसऱ्या एका कुटुंबाशी बोलत बसला होता. ते बालाघाटकडचे, मराठी समजणारे, त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी जवळून जात होते तर धनराज उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "ह्या ताईले इचारा. ह्या खोटं सांगत नाहीत. पह्यले मशीन खराब होती तर ह्यायनंच सांगितलं आमाले, आनि सुधरली तवा ह्यायनंच सांगितलं."

त्या घरातल्या बाईनं मला हात जोडले.

मला ते सहन झालं नाही. मी धनराजला बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, बोलावलं. मला वाटलं, आता एवढं तरी केलं पाहिजे. नोकरी संपायच्या आत कुणाला तरी हे सरळ सांगितलं पाहिजे.

"भाऊ," मी म्हटलं, "मशीन कधी खराब नव्हतीच. पहिल्या दिवशीही नव्हती."

त्यानं टाकीवरचा पेला उचलला.

"नवा भाग वगैरे काही बसवला नाही. तुम्ही सही करावी म्हणून मी बोलले. तिच्या ऑपरेशनला तीच मशीन होती, तशीच."

"एरर?"

"तेवढाच. सगळ्यांना तेवढाच असतो. माझा शब्द चुकला होता."

त्यानं पेला नळाखाली धरला होता. तो भरून वाहायला लागला तरी त्यानं नळ बंद केला नाही. मी बंद केला.

"म्हनजे तवाच केलं असतं," तो म्हणाला, "तर तिचा हात..."

मला काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. पण नुकतंच खरं बोलायला लागले होते, त्यामुळे मी म्हटलं, "बहुतेक वाचला असता."

तो बाकाकडे बघत राहिला. ते बालाघाटचं कुटुंब अजून आमच्याकडेच बघत होतं. मग तो अगदी हळू म्हणाला, "तिले सांगू नका, ताई. काटोलले जायले ते नाही म्हनत होती. तिले तवाच करून घ्याचं होतं. मीच तिले घेऊन गेलो."

मी मनावरचं ओझं उतरवायला गेले होते. ते मी कुठे उतरवलं, हे मला तेव्हा दिसलं.

सुशीला बाहेर आली. उजव्या दंडाला पिशवी अडकवलेली, डाव्या हातात औषधाची चिठ्ठी. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय झालं? काहून असे उभे राह्यले?"

"काई नाही," धनराज म्हणाला. "मशीनबद्दल इचारून राह्यलो होतो."

"मंग? कशी हाये?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"चांगली आहे," मी म्हटलं.